धर्मगोपन आणि घरची माणसे

भात शिजविताना त्यात मीठ घालावे की पानात वाढल्यावर घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाही. गोमंतकात तो एके काळी न्यायासनापुढे गेला. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मसमीक्षणाच्या न्यायसभेने, एक जाहीरनामा काढला. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी ज्या गोष्टी करू नयेत त्यांची त्यात लांबलचक यादी आहे. घराभोवती तुळस लावू नये. लग्नघरात ओव्या म्हणू नयेत. विडा, सुपारी, फुले हिंदूंच्या रीतीने वाटू नयेत. वधूवरांस हळद, तेल लावण्याचे विधी करू नयेत. एकादशीस, पौर्णिमेस वा अमावास्येस उपवास करू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. आणि हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये.

या यादीत मूर्ती, मंत्र, पूजा यांपेक्षा पान, फूल, वस्त्र आणि भात यांनाच अधिक जागा मिळाली आहे. त्याचे कारण उघड आहे. मूर्ती केव्हाच फोडल्या गेल्या होत्या किंवा नदीपलीकडे नेल्या गेल्या होत्या. बाप्तिस्मा होऊन तीनचार पिढ्या लोटलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हे शोधावयाचे तर त्याच्या घरात शिरावे लागे. भाताच्या मडक्यात मीठ पडले की नाही, हे पाद्रीस दिसत नाही. ते सुनेस दिसते, मोलकरणीस दिसते, विस्तव मागावयास आलेल्या शेजारणीस दिसते. अशा जाहीरनाम्याचा अंमल व्हावयाचा तो घरच्या माणसांच्या डोळ्यांनीच होऊ शकतो. कायद्याने स्वयंपाकघरात हात घातला त्या दिवसापासून घरातील प्रत्येक नात्याला साक्षीदाराचे अंग फुटले. धर्म लपविणे या विषयाचा विचार करताना आपण बहुधा लपविणाऱ्याच्या मनाचा विचार करतो. ज्यांच्यापासून लपवावयाचे आणि ज्यांच्या साह्याने लपवावयाचे, त्या माणसांचा विचार क्वचित होतो. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे पाहावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास एक व्यवहारी कारणही आहे. गोव्याचा इतिहास वर्गात शिकविताना हा जाहीरनामा वाचून दाखविला की हटकून एक प्रश्न येतो : मग ही माणसे खरी कोण होती? आतून हिंदू आणि बाहेरून ख्रिस्ती? प्रश्न विचारणारा मुलगा शेजारच्या बाकावर एखादा फर्नांडिस किंवा डिसौझा बसला आहे हे विसरलेला असतो. शिक्षकास ते विसरून चालत नाही. उत्तर घाईने दिले तर एक मुलगा वीरांचा वंशज ठरतो आणि दुसरा ढोंग्यांचा, आणि पुष्कळदा कोणता मुलगा कोणत्या बाजूस पडावयाचा हे शिक्षकाच्या स्वतःच्या कलावर अवलंबून राहते.

धर्मगोपनाची सर्व उदाहरणे एका जातीची नसतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्यासाठी गोव्यातून थोडा वेळ अहमदनगरास जावे लागेल. सोळाव्या शतकात पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी दोन विद्वान वावरत होते. दोघांवर राजाचा लोभ होता, आणि दोघेही आपल्या धर्माची एक खोली कुलूप लावून ठेवणारे होते.

पहिला शाह ताहिर. इराणात शाह इस्माइलचा रोष ओढवल्यामुळे तो १५२० मध्ये देश सोडून निघाला, जहाजाने गोव्यास उतरला, विजापुरास गेला, परांड्यास राहिला आणि १५२२ मध्ये अहमदनगरास आला. थोर पंडित, फारसी कवी आणि मुत्सद्दी म्हणून त्याची ख्याती होती. १५३७ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने सुन्नी मत सोडून शिया मत स्वीकारले ते याच्या उपदेशाने. राजास त्याने जो मार्ग शिकविला तो बारा इमाम मानणाऱ्या शियांचा. पण स्वतः शाह ताहिर हा निझारी इस्माइली पंथाच्या महंमदशाही शाखेचा इमाम होता, आणि ही बारा इमामांची परंपरा त्या पंथाची नव्हे. शिष्याला दिलेला धर्म एक आणि गुरूचा स्वतःचा धर्म दुसरा, असा हा प्रकार. मात्र याला फसवणूक म्हणताना थबकावे लागते. शिया परंपरेत ‘तकिय्या’ नावाची एक मान्य वाट आहे. प्राणसंकट असेल तेव्हा श्रद्धा मनात ठेवून बाहेर ती न दाखविण्याची मुभा त्यात आहे. कुराणातील सोळाव्या अध्यायात, मन श्रद्धेवर स्थिर असून केवळ जबरदस्तीमुळे जिभेने नाकारणारा दोषी नव्हे, अशा आशयाचे वचन आहे. त्याचा आधार यासाठी घेतला जातो. शतकानुशतके जीव मुठीत धरून राहिलेल्या इस्माइलींनी या मुभेचे एक शास्त्रच बनविले होते. शाह ताहिर त्या शास्त्राचा माणूस होता. आपण काय लपवितो, कोणापासून लपवितो आणि कोणाजवळ उघडे करावयाचे, हे त्याला परंपरेने शिकविले होते. त्याचा संप्रदाय त्याच्यामागेही दक्षिणेत टिकून राहिला आणि दीडशे वर्षांनंतरही बारा इमामांच्या व सूफी परिभाषेच्या आवरणाखाली आपले ग्रंथ लिहीत राहिला.

दुसऱ्या माणसास असे कोणतेही शास्त्र लाभले नव्हते. तो म्हणजे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे, आणि मुंबईच्या इतिहासातही आहे, कारण मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. तेथील आपल्या एका आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हे त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेविले आहे. ओर्ताचे आईबाप स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांस हाकलून दिले तेव्हा ते पोर्तुगालात आले. १४९७ मध्ये तेथेही सक्तीचा बाप्तिस्मा झाला. अशा लोकांस ‘नवख्रिस्ती’ म्हणत, आणि हे नवेपण तीन पिढ्या उलटल्या तरी जुने होत नसे. ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमाराचा, म्हणजे तो जन्मतः ख्रिस्तीच. सालामांका आणि आल्काला येथे त्याने शिक्षण घेतले आणि लिस्बनच्या विद्यापीठात तो शिकवू लागला. १५३४ मध्ये मार्तिं आफोंसु द सोझ याच्याबरोबर तो हिंदुस्थानास आला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालात इन्क्विझिशनची स्थापना झाली. वेळेवर निघालेला माणूस म्हणावयाचा. पण मागे राहिलेली आई आणि बहिणी पुढे लिस्बनच्या तुरुंगात पडल्या, आणि तेथून सुटल्यावर गोव्यास त्याच्या आश्रयाला आल्या.

१५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात ओर्ताचा ग्रंथ छापला गेला. या देशातील औषधी द्रव्यांविषयीचे ते संवाद आहेत. संवाद करणारे दोघे : एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनु नावाचा त्याचा सालामांकेचा कल्पित मित्र. रुआनु हा पुस्तकी विद्येचा, तर ओर्ता डोळ्यांनी पाहिलेल्याचा. रुआनु म्हणजे ओर्ताचेच दुसरे अंग, असे अभ्यासक मानतात. निजामशहाचा उल्लेख ग्रंथात वारंवार येतो आणि तो मित्राचा यावा तसा येतो. गोव्यातील हिंदू वैद्यांच्या अनुभवाचाही ओर्ता आदराने विचार करतो. एके ठिकाणी तो म्हणतो की, मी स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीक आचार्य यांच्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मला झाले नसते. द्रव्यगुणाच्या प्रश्नावर प्राचीनांस आव्हान देणारा हा निर्भय पुरुष आपल्या श्रद्धेच्या प्रश्नावर त्याच ग्रंथात एक अक्षर बोलत नाही. वाचताना हा विरोध मला नेहमी बोचतो. दोन पात्रांच्या संवादाची रचना त्याने ग्रीकांच्या अनुकरणाने केली असेलही. पण दुहेरी बोलण्याची सवय ज्याला आयुष्यभर होती त्याला ती रचना अवघड गेली नसणार.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यास येऊन पोचले. राज्यपाल आणि बडे अधिकारी ओर्ताचे रोगी होते, आणि १५६८ मध्ये तो आपल्या बिछान्यात मरण पावला. त्यानंतर त्याची बहीण कातारीना हिला पकडण्यात आले, आणि १५६९ च्या ऑक्टोबरात तिला जिवंत जाळले. तिच्या नवऱ्याने चौकशीत सांगितले की, मोशेचे नियमशास्त्र हेच खरे, असे माझा मेहुणा मानीत असे. १५८० च्या डिसेंबरात ओर्ताच्या अस्थी उकरून काढून जाहीर समारंभात जाळण्यात आल्या. पुढे तीन शतके हे सारे विस्मृतीत गेले. काउंट फिकाल्यु याने १८८६ मध्ये ओर्ताचे चरित्र लिहिले तेव्हा त्यालाही याची वार्ता नव्हती. १९३४ मध्ये सिल्व्हा कार्व्हाल्यु या पोर्तुगीज अभ्यासकाने दप्तरातील कागद उजेडात आणले तेव्हा चरित्रकारापासूनही लपून राहिलेला ओर्ता जगाला दिसला.

त्या मेहुण्यास दोष देणे सोपे आहे. पण त्याच्यापुढे काय होते ते पाहिले पाहिजे. गुप्त यहुदी घराण्यांत मूल लहान असताना त्याला काही सांगत नसत. बाराव्या-तेराव्या वर्षी, गुपित पोटात राहण्याजोगे वय झाले की, घरातील कोणी वडीलधारे, पुष्कळदा आई किंवा आजी, ते सांगे. तोपर्यंत मूल इतर मुलांसारखे ख्रिस्तीच वाढे. म्हणजे आईबापांस आपल्याच लेकरापासून बारा वर्षे धर्म चोरून ठेवावा लागे, आणि तो त्याला सांगण्याचा दिवस हाच घरातील सर्वांत मोठ्या धोक्याचा दिवस असे. सोयरीकही शक्यतो नवख्रिस्ती घरांतच, जमल्यास नात्यातच, करीत. ओर्ताची बायकोही त्याच्या नात्यातलीच होती. गुपित घराबाहेर जाऊ नये म्हणून घर लहान करीत न्यावयाचे, आणि घर जितके लहान तितकी साक्ष अधिक जवळच्या माणसाची. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला का, धुतलेले वस्त्र नेसले का, डुकराचे मांस टाळले का, याची साक्ष परका कोण देणार?

इन्क्विझिशनला हे पुरते ठाऊक होते आणि तिची कार्यपद्धती याच मर्मावर उभारलेली होती. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७४ पासून दोन वर्षे गोव्याच्या या तुरुंगात होता. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. तिच्यातील भयंकर भाग जाळण्याचा नव्हे, प्रश्नोत्तरांचा आहे. आरोपीस त्याच्यावरील साक्षीदारांची नावे सांगत नसत. आपल्याविरुद्ध कोण बोलले असेल ते त्यानेच आठवून सांगावयाचे. देलों म्हणतो की, सात साक्षी पडल्या असतील तर त्या साताही जणांची नावे आली पाहिजेत, नाही तर कबुली अपुरी. मग तो बिचारा आपल्या घरी कोण कोण जेवले, कोणाबरोबर बसणे-उठणे होते, कोणाशी भांडण झाले, ते आठवू लागे आणि खरे साक्षीदार सापडेपर्यंत पन्नास निरपराध माणसांची नावे घेई. ती माणसे मग पकडली जात आणि तीही तसेच आठवू लागत. माणसाची मैत्री जितकी विस्तृत तितकी त्याची यादी लांब. ज्याला कोणी मित्र नव्हता तोच काय तो या आठवणीच्या खेळात कमी माणसे बुडवी. १५६१ ते १७७४ या काळात या न्यायसभेपुढे सोळा हजारांहून अधिक माणसे उभी राहिली.

आता पुन्हा मिठाच्या भाताकडे येऊ. ओर्ता काय लपवितो ते जाणून लपवीत होता. शाह ताहिरला तर लपविण्याचे शास्त्रच अवगत होते. सासष्टीतल्या किंवा बारदेशातल्या ज्या बाईने १७३६ मध्ये आईने शिकविल्याप्रमाणे भात मिठावाचून शिजविला, ती काय लपवीत होती? माझ्या मते बहुधा काहीच नाही. ती रविवारी मिसेस जात असेल, मेरीमातेपुढे तिचे डोळे भरून येत असतील, आणि भात मात्र ती भातासारखा करीत असेल. जाहीरनामा निघाला त्या दिवशी तिच्या हाताची सवय हा गुन्हा ठरला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती भाताच्या मडक्यावर झाकण ठेवू लागली असेल तर तिला लपविण्याचा धडा जाहीरनाम्यानेच दिला. लपविलेला धर्म नेहमी कायद्याच्या आधीचा असतो असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो कायद्याच्या नंतरचा असतो.

याचा अर्थ गोमंतकीय हिंदूंस खरोखरच काही लपवावे लागले नाही, असा मुळीच नव्हे. पण त्यांना पुष्कळदा लपवावी लागली ती श्रद्धा नव्हे, मुले. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांस ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढविण्याची व्यवस्था झाली. पुढे बाप वारला की आई जिवंत असतानाही मुलास पोरके धरण्याचा प्रघात पडला. नवरा मेलेली बाई सुतकात बसण्याऐवजी लेकरू रातोरात नदीपलीकडे आप्तांकडे पोचविण्याच्या मागे लागे. शेजाऱ्यास, गावकऱ्यास, प्रसंगी सख्ख्या दिरासही मूल कोठे आहे ते सांगावयाचे नाही. ज्यांनी धर्म बदललाच नव्हता त्यांच्या घरातही अविश्वास शिरला तो असा. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, ही स्थलांतरे आपण देवांच्या कथा म्हणून सांगतो. पण देव उचलून नेणाऱ्या हातांबरोबर तान्ही मुलेही नदी ओलांडीत होती. एक भाऊ जमीन राखावयास मागे राहिला आणि बाटला, दुसरा देव घेऊन पलीकडे गेला, अशी कुळकथा अनेक गोमंतकीय घराण्यांत सांगतात. हे दोघे भाऊ पुन्हा कधी भेटले, एकमेकांस कोणत्या नावाने हाक मारली, त्यांतील कोणी कोणापासून काय लपविले, हे कुळकथा सांगत नाही.

साहित्याच्या अभ्यासकास या जाहीरनाम्यात आणखी एक गोष्ट खुपते, ती ओवीबद्दलची. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये अकरा हजारांच्या घरात ओव्या रचून ख्रिस्तचरित्र मराठीत आणले, आणि ते चर्चमध्ये वाचले जाई. ओवी हा छंद ख्रिस्ती झाला असे तेव्हा कोणीही म्हटले असते. १६८४ मध्ये स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला, आणि १७३६ मध्ये लग्नघरात ओवी म्हणणे हा धर्मद्रोहाचा पुरावा ठरला. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या चालीवर पाद्री येशूचे पुराण वाचीत, तीच चाल वधूच्या आजीने गुणगुणली की तिची नोंद व्हावी! आपला धर्म बदलला नसतानाही तो गुप्त कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इन्क्विझिशनची गोव्यातील न्यायसभा १७७४ मध्ये बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची मिटली. त्यानंतर तिच्या दप्तरातील खटल्यांचे बहुतेक कागद जाळण्यात आले. प्रा. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना जाहीरनामे, पत्रव्यवहार आणि देलोंसारख्यांच्या हकीकती यांवरच पुष्कळसा भर द्यावा लागला, तो यामुळे. त्या आगीत हजारो आरोपींच्या जबान्या गेल्या, आणि त्यांबरोबर साक्षीदारांची नावेही गेली. कोणत्या सुनेने सासूचे नाव सांगितले, कोणत्या शेजाऱ्याने तुळशीची खबर पोचविली, कोणत्या भावाने काहीच सांगितले नाही, हे आज त्या वाड्यांवर कोणासही माहीत नाही. सांगणाऱ्यांचे आणि भोगणाऱ्यांचे वंशज एकाच विहिरीचे पाणी पीत आले आहेत. गोव्यातील ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी वधूवरांस नारळाचा रस लावतात. त्याला ‘रोस’ म्हणतात, आणि तो लावताना बाया ओव्या म्हणतात.